बल्ब बदलला की दिवा बदलतो: हेडलाइटमधला एलईडी आणि कायदा

हेडलाइटमधला हॅलोजन बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब बसवला तर ते कायद्यात बसते का, असे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उजेडाबद्दलचे उत्तर मिळते. विकणारा सांगतो की उजेड दुप्पट पडेल. बसवणारा सांगतो की वायरिंग कापावे लागणार नाही. ज्याने आधीच बसवून घेतला आहे तो सांगतो की आजवर आपल्याला कोणी अडवलेले नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि तरीही मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहतो, कारण कायदा यांपैकी काहीच विचारत नाही. बहुतेक देशांतल्या नियमांचा प्रश्न वेगळाच असतो: ज्या दिव्याची चाचणी झाली आणि ज्याला मान्यता मिळाली, तोच दिवा आज या गाडीवर आहे का?

या प्रश्नातला ‘दिवा’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बोलताना आपण बल्बला लाइट म्हणतो आणि लाइटला बल्ब. नियमांच्या भाषेत मात्र हेडलाइट म्हणजे परावर्तक (बल्बचा उजेड पुढे वळवणारा आतला आरसा), पुढची काच, बल्ब बसवण्याची खाच आणि त्या खाचेत बसणाऱ्या बल्बचा ठरलेला वर्ग या सगळ्यांची मिळून एक वस्तू असते. चाचणी या पूर्ण वस्तूची होते. ‘एच-७’ वर्गाचा बल्ब घालून तपासलेला हेडलाइट ‘एच-७’ बल्बसह मंजूर होतो. त्या खाचेत बसेल अशा कोणत्याही प्रकाशस्रोतासाठी मिळालेली ती मोकळी परवानगी नसते. त्यामुळे बल्बचा प्रकार बदलला की मंजूर झालेला दिवा उरत नाही, चाचणी न झालेला एक नवीन दिवा तयार होतो. खाचेत बसणे ही बल्बच्या बुडाची गोष्ट आहे, दिव्याची नव्हे.

हे नुसते कागदी तर्कट आहे असे वाटू शकते, म्हणून नियम असा का झाला याच्या मुळाशी असलेले प्रकाशाचे गणित आधी पाहू.

तंतूची जागा

हॅलोजन बल्बमध्ये उजेड देतो तो टंगस्टनचा वेटोळे घातलेला तंतू. ‘एच-७’ बल्बचा हा तंतू साधारण ४ मिलिमीटर लांबीचा आणि सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा असतो, आणि त्याचे स्थान बल्बच्या बुडाच्या आधारपातळीपासून २५ मिलिमीटरवर ठरलेले असते. ही जागा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शांत पाळली जाते. या बंधनाचे कारण असे की परावर्तकाचा प्रत्येक वळसा त्या एका छोट्या लांबट वस्तूवरून उजेड येणार हे गृहीत धरून काढलेला असतो. तंतू सर्व बाजूंनी, नळकांड्यासारखा, उजेड फेकतो. परावर्तकाचा वरचा भाग त्यातला काही उजेड घेऊन रस्त्यावर जवळ पसरवतो, बाजूचे भाग तो दूर नेतात, आणि काही भाग कडेच्या पाट्यांकडे आणि पादचाऱ्यांकडे वळवतात.

एलईडी बल्बमध्ये तंतू नसतो. एका सपाट पट्टीच्या दोन्ही बाजूंना उजेड देणाऱ्या बारीक चिप बसवलेल्या असतात आणि प्रत्येक चिप आपल्या समोरच्या अर्ध्या अवकाशात उजेड टाकते. पट्टीच्या कडांच्या दिशेला उजेड कमी पडतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या चिपमधले अंतर तंतूच्या जाडीपेक्षा जास्त असेल तर परावर्तकाच्या दृष्टीने एका प्रकाशस्रोताचे दोन होतात. चांगल्या बनावटीच्या एलईडी बल्बमध्ये ही पट्टी शक्य तितकी पातळ ठेवतात आणि चिप तंतूच्या नेमक्या जागी आणतात. अशा बल्बला फिरवता येणारी कडी दिलेली असते, ती याचसाठी: चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला तोंड करून बसल्या तरच परावर्तकाचे डावे-उजवे भाग भरून उजळतात. कडी थोडी तिरकी राहिली की सगळे चित्र विसकटते, आणि ती तिरकी राहिली आहे हे गाडीत बसलेल्याला कळत नाही.

‘एच-४’ प्रकारात गुंतागुंत आणखी वाढते, कारण तिथे एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर असे दोन तंतू असतात. डिपरच्या तंतूखाली धातूची एक लहानशी वाटी असते. ही वाटी परावर्तकाच्या खालच्या भागाकडे जाणारा उजेड अडवते, कारण तो उजेड परावर्तकावर आपटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा असतो. ‘एच-४’च्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बमध्ये या वाटीची नक्कल केलेली असते. ती कधी बरी जमते, कधी अजिबात जमत नाही.

डिपर लावून भिंतीसमोर गाडी उभी केली की उजेड आणि अंधार यांच्यामध्ये एक स्पष्ट कडा दिसते. हेडलाइटच्या नियमांचा सगळा जीव या कडेत आहे. कडेच्या खाली रस्ता दिसायला हवा आणि वर समोरच्याचे डोळे सुरक्षित राहायला हवेत. आपल्या बाजूच्या रस्त्याकडे ही कडा थोडी वर चढते, म्हणजे रस्त्याच्या बाजूचा माणूस आणि पाटी दिसते. समोरून येणाऱ्याच्या बाजूला ती सपाट राहते. सामान्य मोटारगाडीत ही कडा साधारण एक टक्का खाली झुकवतात, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटिमीटर. आता हिशेब करून पाहा: कडा अर्ध्या अंशाने वर सरकली तर दर १० मीटरला जवळजवळ ९ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि तो झुकाव संपतो. ५० मीटरवर येणाऱ्या गाडीजवळ हाच फरक ४० सेंटिमीटरहून अधिक होतो. एवढ्या उंचीत बंपर आणि ड्रायव्हरचे डोळे यांच्यातल्या अंतराचा बराचसा भाग येऊन जातो. प्रकाशस्रोत मिलिमीटरच्या काही हिश्शांनी हलला तर इतके घडू शकते, म्हणूनच तंतूच्या जागेवर नियम इतके काटेकोर आहेत.

उजेड किती, हा प्रश्न नंतरचा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांत ‘एच-७’ बल्बचा प्रकाश १५०० ल्युमेन (ल्युमेन हे एकूण प्रकाशाचे माप) ठरवलेला आहे आणि त्यात दहा टक्के इकडे-तिकडे चालते. म्हणजे या नियमाला किमान मर्यादा आहे तशीच कमाल मर्यादाही आहे. एलईडी बल्बच्या खोक्यावर दहा-वीस हजार ल्युमेनचे आकडे छापलेले असतात. ते बहुधा चिपच्या कागदोपत्री क्षमतेचे असतात. काही मिनिटांत चिप तापते, उजेड उतरतो, आणि परावर्तकातून बाहेर पडणारा उजेड त्याहूनही बराच कमी असतो. तरीही हा आकडा जाहिरातीत गुण म्हणून मिरवतो. नियमांच्या नजरेत १५०० साठी आखलेल्या परावर्तकात त्याच्या दुप्पट प्रकाश ओतणे हा दोष आहे, कारण जिथे थोडासा भरकटलेला उजेड चालवून घेतला होता तिथे आता दुप्पट भरकटलेला उजेड जातो.

‘पण मला तर जास्त दिसते’ हा अनुभव खोटा नसतो. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. अशा बदलात गाडीच्या पुढ्यातला, पहिल्या पंधरा-वीस मीटरमधला रस्ता पांढराशुभ्र उजळतो आणि मनाला दिलासा मिळतो. पण जवळचा भाग फार उजळला की बाहुली आकसते आणि दूरच्या अंधुक वस्तू दिसणे उलट कठीण होते. वेगात असताना उपयोगी पडतो तो दूरचा उजेड. म्हणजे ड्रायव्हरचे समाधान वाढते आणि नजर तोकडी होते. समोरच्याला त्रास होतो हे निदान सगळे मान्य करतात, पण स्वतःचेही नुकसान होते हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

झेनॉनचा धडा

एलईडीच्या आधी हाच प्रकार झेनॉनच्या बाबतीत घडून गेला आहे. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिज गाडीत झेनॉनचे, म्हणजे वायूतून विद्युत्प्रवाह सोडून उजळणारे, हेडलाइट आले. त्यांचा प्रकाश हॅलोजनच्या दुपटीच्या आसपास होता, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या ४८ व्या क्रमांकाच्या नियमाने अट घातली की २००० ल्युमेनपेक्षा अधिक प्रकाशाचा स्रोत डिपरला वापरायचा असेल तर गाडीच्या भारानुसार दिव्याचा कोन आपोआप जुळवणारी यंत्रणा हवी आणि काच धुणारी फवारणीही हवी. मागे चार माणसे आणि सामान बसले की गाडीचे नाक वर उचलले जाते, आणि काचेवरची धूळ उजेड विखरून टाकते. दोन्ही गोष्टी तीव्र उजेडात जास्त बोचतात. पुढे झेनॉनचे सुटे संच बाजारात आले आणि लोकांनी ते हॅलोजनच्या दिव्यांत बसवले. संचात बल्ब आणि बॅलास्ट, म्हणजे बल्बला हवी तशी वीज पुरवणारी डबी, होते. कोन जुळवणारी यंत्रणा नव्हती, फवारणी नव्हती, आणि परावर्तक तंतूसाठीच बनलेला होता. आजच्या एलईडी बदलाविरुद्धचे आक्षेप जवळपास शब्दशः तेव्हाचेच आहेत.

मग कंपनीतूनच एलईडी हेडलाइट असलेल्या गाड्या येतात, त्या कशा चालतात? २००७ मध्ये लेक्सस एलएस ६०० एच या गाडीत डिपरसाठी एलईडी आले आणि आज ते सर्रास दिसतात. पण त्या दिव्याचे भिंग, परावर्तक, उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंख आणि चिपची जागा हे सगळे एकत्र आखलेले आणि एकत्र तपासलेले असते. त्यावरून ‘एलईडी कायदेशीर आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. कायद्याचा एलईडीवर राग नाही हे खरेच. त्याचा आक्षेप तंतूच्या घरात राहायला आलेल्या एलईडीवर आहे.

देशोदेशीचे नियम

संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारात सामील झालेले देश दिव्यांसाठी एकमेकांची मान्यता स्वीकारतात. त्या व्यवस्थेत तंतूच्या बल्बसाठी ३७ वा नियम आहे, झेनॉनसाठी ९९ वा, एलईडी प्रकाशस्रोतांसाठी १२८ वा. हेडलाइटसाठी ११२ वा नियम बरीच वर्षे चालला, आणि गाडीवर दिवे कुठे, किती आणि कसे बसवायचे हे ४८ वा नियम सांगतो. ३७ व्या नियमानुसारच्या बल्बसाठी मंजूर झालेल्या हेडलाइटमध्ये त्या वर्गाचा बल्ब नसेल तर ती मंजुरी लागू होत नाही. एवढा एकच धागा पकडला तरी अर्धे उत्तर मिळते.

ब्रिटनने हे सरळ शब्दांत लिहून ठेवले आहे. तिथल्या ‘एमओटी’ या गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीच्या पुस्तिकेनुसार १ एप्रिल १९८६ रोजी किंवा त्यानंतर प्रथम वापरात आलेल्या गाडीचा हॅलोजन हेडलाइट झेनॉन किंवा एलईडी बल्बवर बदललेला आढळला तर तो नापास करायचा. कडा किती सुरेख दिसते हे पाहण्याचा प्रश्नच येत नाही.

जर्मनीतील वाट अधिक रंजक आहे. तिथे दिव्याचा मंजूर नसलेला भाग बसवला तर गाडीच्या रस्त्यावर चालण्याच्या परवान्यावरच गदा येऊ शकते, इतका नियम कडक. पण २०२० मध्ये तिथल्या वाहन प्राधिकरणाने ओसराम कंपनीच्या एका ‘एच-७’ एलईडी बल्बला राष्ट्रीय मान्यता दिली आणि त्यानंतर फिलिप्सच्या बल्बलाही ती मिळाली. ही बातमी पसरली तेव्हा अनेकांनी तिचा अर्थ ‘आता एलईडीला परवानगी’ असा घेतला. प्रत्यक्षात ती मान्यता एका यादीला बांधलेली आहे: गाडीचे मॉडेल आणि तिच्या हेडलाइटवरचा मान्यता क्रमांक दोन्ही यादीत असतील तरच तो बल्ब चालतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत वेगवेगळ्या बनावटीचे हेडलाइट असतील तर एकीवर तो बल्ब वैध आणि दुसरीवर अवैध ठरू शकतो. बल्ब आणि परावर्तक यांची जोडी तपासायची हे तत्त्व जर्मनीने मोडलेले नाही; प्रत्येक जोडी तपासण्याचे कष्ट घेऊन ते पाळले आहे. माझ्या मते या प्रश्नावरचा सर्वांत प्रामाणिक तोडगा हाच आहे. मात्र ती मान्यता जर्मनीची राष्ट्रीय मान्यता आहे. तिथला क्रमांक असलेले खोके दुसऱ्या देशात घेऊन जाऊन आपोआप काही सिद्ध होत नाही.

जपानचा कल परिणाम मोजण्याकडे आहे. तिथल्या ठरावीक मुदतीच्या तपासणीत सप्टेंबर १९९८ पासून बनलेल्या गाड्यांचा डिपर यंत्राने मोजतात. ठरलेल्या बिंदूवर प्रत्येक दिव्याची तीव्रता किमान ६४०० कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या उजेडाचे माप) हवी, कडा योग्य जागी हवी, आणि २००६ पासूनच्या गाड्यांसाठी उजेड पांढरा हवा. या कसोट्यांना उतरणारा एलईडी बल्ब तिथे तपासणीत पास होऊ शकतो. म्हणून जपानी बाजारासाठीच्या खोक्यांवर तपासणीला चालतो असे लिहिलेले दिसते. तेच खोके ब्रिटनमध्ये निरुपयोगी ठरते, आणि यात विसंगती नाही. एक देश दिव्याची ओळख पाहतो, दुसरा त्याचे माप घेतो.

अमेरिकेत १९४० पासून १९८३ पर्यंत हेडलाइट म्हणजे पूर्ण सीलबंद काच असे. सुटा बल्ब बदलण्याची सोय नंतर आली. तिथला १०८ क्रमांकाचा संघीय मानक सांगतो की बदलता येणाऱ्या बल्बची मापे आणि गुणधर्म सरकारकडे नोंदवलेले असले पाहिजेत आणि बाजारातला बल्ब त्या नोंदीशी जुळला पाहिजे. हॅलोजन बल्बच्या नोंदीत तंतूची मापे असतात, त्यामुळे ज्याला तंतूच नाही असा एलईडी बल्ब त्या नोंदीला जुळू शकत नाही. गंमत अशी की गाडीची सुरक्षायंत्रणा निकामी करण्यावरची संघीय बंदी उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्ती करणारे व्यावसायिक यांच्यावर आहे; स्वतःच्या गाडीत स्वतः बदल करणाऱ्या मालकाचा प्रश्न राज्यांच्या कायद्यांवर सोडलेला आहे. म्हणून एकाच बल्बबद्दल तिथे परस्परविरोधी उत्तरे ऐकू येतात.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यावर बंधन घालते, आणि हा तपशील मोडता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेले १८२-अ कलम तर गाडीत सुटे भाग बसवून केलेल्या अवैध बदलाबद्दल थेट मालकाला जबाबदार धरते. त्याखेरीज १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १०६ वा नियम आहे. तो मोजमापाच्या भाषेत बोलतो: दिव्याचा झोत कायम इतका खाली वळलेला असावा की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या टोकापासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. हा नियम हॅलोजन आणि एलईडी असा भेद करत नाही, त्यामुळे कंपनीचाच दिवा चुकीच्या कोनात बसवलेला असेल तर तोही यात सापडतो.

खोक्यावरच्या खुणा

कायदेशीरपणाचा पुरावा म्हणून ग्राहकाला दाखवले जाते ते खोके. वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि त्याच्या शेजारचा आकडा ही संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार मिळालेल्या मान्यतेची खूण आहे. आकडा मान्यता देणारा देश सांगतो, म्हणजे १ जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. ही खूण खरी असली तरी ती कोणत्या नियमाखाली मिळाली हे पाहावे लागते. अनेक एलईडी बल्बांवरची खूण १० व्या नियमाची असते आणि तिच्याजवळच्या क्रमांकात ‘१० आर’ असे लिहिलेले असते. तो नियम विद्युतचुंबकीय अडथळ्यांचा आहे. म्हणजे हा बल्ब लावल्याने रेडिओत खरखर येणार नाही, एवढीच हमी त्यातून मिळते. रस्त्यावर पडणाऱ्या उजेडाबद्दल ती खूण काही सांगत नाही. ‘सीई’ या खुणेचा रस्त्यावरील दिव्यांच्या मान्यतेशी संबंध नाही. ‘डॉट’ ही अमेरिकी खूण उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो; सरकारी खाते बल्ब तपासून ती देत नाही.

आणि मग बारीक अक्षरांतली ती ओळ: ‘केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी’. ज्या बल्बचा दुसरा काही उपयोगच नाही, जो गाडीच्या हेडलाइटच्या खाचेसाठीच बनला आहे, त्यावर हे लिहिण्याचा एकच हेतू दिसतो, तो म्हणजे जबाबदारी ग्राहकाकडे सरकवणे. ही ओळ दिसली की विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला काही किंमत उरत नाही, कारण उत्पादकाने स्वतःच उलट लिहून दिलेले असते.

हेडलाइटखेरीज बाकीचे दिवे

इंडिकेटरमध्ये एलईडी टाकला की तो भराभर लुकलुकू लागतो. एलईडी वीज फार कमी घेतो, म्हणून २१ वॉटचा बल्ब गेला असे समजून गाडी ड्रायव्हरला इशारा देत असते. मिनिटाला ६० ते १२० लुकलुक ही बहुतेक नियमांची मर्यादा आहे. लुकलुकण्याचा वेग आटोक्यात आणण्यासाठी जोडलेला रेझिस्टर, म्हणजे जास्तीची वीज खाणारा रोधक, चांगलाच तापतो. तो प्लॅस्टिकला टेकवून बसवू नये, आणि त्यामुळे बल्ब गेल्याचा इशारा मिळण्याची सोयही बंद पडू शकते. मागच्या दिव्यांत धोका निराळा आहे. एकाच बल्बमध्ये पार्किंग आणि ब्रेक असतील तर दोन्ही एकदम लागल्यावर ब्रेकचा उजेड किमान पाचपट असावा असा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे, म्हणजे मागच्याला ब्रेक लागल्याचे तत्काळ कळते. स्वस्त एलईडीत हा फरक इतका कमी असतो की ब्रेक दाबला की नाही हे ओळखूच येत नाही. लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला तर काच त्यातला बराच उजेड गाळून टाकते. तिथे लाल एलईडीच लागतो. हे दिवे कोणाचे डोळे दिपवत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कानाडोळा होतो, पण मान्यतेचे तत्त्व त्यांनाही तेच आहे. गाडीच्या आतला दिवा मात्र बाहेर चमकत नसेल तोवर सहसा या कक्षेत येत नाही.

हेडलाइट अंधुक वाटतो, ही तक्रार मात्र खरी असते आणि तिला वैध उत्तरे आहेत. तंतूच्या बल्बचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो: बल्बपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. जुनाट वायर, गंजलेली अर्थिंगची जोडणी आणि थकलेला स्विच एवढी घट सहज करतात. ती मोजायला मल्टिमीटर पुरतो. पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर ती घासून स्वच्छ केल्यावर फरक लगेच दिसतो. आणि त्या पिवळ्या, खरबरीत काचेमागे तीव्र एलईडी लावणे म्हणजे उजेड सगळीकडे उधळणे. जुना बल्ब काळवंडलेला असतो, मान्यताप्राप्त नवा बल्ब दोन्ही बाजूंना एकदम बदलावा. यानंतरही समाधान झाले नाही तर पूर्ण हेडलाइटच बदलण्याची वाट आहे: एलईडीसाठीच बनवलेला, आपल्या देशात मान्यता असलेला आणि आपल्या रस्त्याच्या बाजूसाठी आखलेला संपूर्ण दिवा. त्यात प्रकाश २००० ल्युमेनच्या पुढे जात असेल तर कोन जुळवण्याच्या यंत्रणेचा प्रश्न पुन्हा येतो, तो विचारून घ्यावा.

एलईडी बल्ब बसवून मग दिवा स्क्रूने खाली झुकवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. त्याने समोरच्याची तक्रार कमी होते, पण कडा खाली आल्यामुळे दूरचा रस्ता अंधारात जातो. भरकटलेला उजेड कडेच्या वर थोडा उरतोच, आणि मंजुरीचा प्रश्न स्क्रूने सुटत नाही. भिंगाच्या, म्हणजे प्रोजेक्टर हेडलाइटमध्ये कडा आतल्या धातूच्या पडद्यामुळे तयार होते, म्हणून तिथे एलईडी बल्बचा परिणाम भिंतीवर बराच नीट दिसतो. तरीही कडेच्या खाली उजेड कुठे दाट आणि कुठे विरळ पडतो हे बिघडलेले असू शकते, आणि नियम प्रोजेक्टरला वेगळी सवलत देत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनी किंवा न्यायालय गाडीतील बदलांची चौकशी करते तेव्हा तिथेही मंजूर तपशील विचारला जातो, भिंतीवरचा फोटो नव्हे.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने हे स्वतः तपासावे, कारण बदल आधीच्या मालकाने केला असला तरी पुढच्या तपासणीत तो नव्या मालकाच्या नावावर मोजला जातो. हेडलाइटच्या काचेवर किंवा मागच्या आवरणावर कोणत्या वर्गाचा बल्ब चालतो हे बहुधा लिहिलेले असते. तिथे ‘एच-७’ किंवा ‘एच-४’ लिहिले आहे आणि उजेड मात्र निळसर पांढरा पडतो, तर संशयाला जागा आहे. हॅलोजनचा उजेड ३२०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचे माप) आसपास, किंचित पिवळसर असतो. बॉनेट उघडून दिव्याच्या मागे पाहावे. रबरी टोपण कापलेले किंवा गायब असेल, लहानशा पंख्याचा आवाज येत असेल, किंवा वायरीला एखादी अनोळखी डबी लटकत असेल, तर बल्ब बदललेला आहे. टोपण नसलेल्या दिव्यात ओल आणि धूळ शिरते, म्हणून परावर्तकाचा चकाकता थरही त्याच वेळी पाहून घ्यावा. व्यवहार ठरत असेल तर आधीच्या मालकाकडून मूळचे हॅलोजन बल्ब आणि टोपणे मागून घ्यावीत, ते परत बसवावेत आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी दिव्यांचा कोन यंत्रावर जुळवून घ्यावा.